परदेश प्रवासातील बँक व कार्ड शुल्के

परदेश प्रवासात बँकेचे कार्ड वापरून केलेल्या खर्चावर किंवा यंत्रातून काढलेल्या रोख रकमेवर जी निरनिराळी शुल्के आकारली जातात, त्यांना एकत्रितपणे परदेश प्रवासातील बँक व कार्ड शुल्के असे म्हणता येते. यांपैकी काही शुल्के खात्याच्या उताऱ्यात स्वतंत्र नोंद म्हणून दिसतात, तर काही चलनाच्या विनिमय दरातच मिसळलेली असतात. दुसऱ्या प्रकारची शुल्के सहसा ग्राहकाच्या लक्षात येत नाहीत आणि बहुधा तीच अधिक महाग पडतात. त्यामुळे चलनाचे रूपांतरण कोण करतो आणि कोणत्या दराने करतो हे समजून घेणे, हा ही शुल्के कमी करण्याचा पाया आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने भारतीय बँकांची कार्डे बाळगणाऱ्या प्रवाशांच्या दृष्टीने या विषयाचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी

कार्डे रूढ होण्यापूर्वी प्रवासी रोख परकीय चलन किंवा प्रवासी धनादेश जवळ बाळगत. अमेरिकन एक्सप्रेस या कंपनीने १८९१ साली प्रवासी धनादेश प्रचारात आणला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिसा व मास्टरकार्ड यांसारखी आंतरराष्ट्रीय कार्डजाळी विस्तारली आणि एका देशातील बँकेच्या खात्यातून दुसऱ्या देशातील दुकानदाराला थेट पैसे देणे शक्य झाले. सोय वाढली, परंतु व्यवहारात सहभागी होणाऱ्या संस्थांची संख्याही वाढली.

भारतात १९७३ च्या विदेशी चलन नियमन कायद्याखाली परकीय चलनावर कडक निर्बंध होते. त्याची जागा १९९९ च्या विदेशी चलन व्यवस्थापन कायद्याने, म्हणजे ‘फेमा’ने घेतली. हा कायदा १ जून २००० पासून अमलात आला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत विप्रेषण योजना (एलआरएस) सुरू केली. तिची वार्षिक मर्यादा आरंभी २५,००० डॉलर होती. २०१५ पासून ती प्रतिव्यक्ती अडीच लाख डॉलर आहे.

रूपांतरणाची प्रक्रिया

परदेशातील दुकानात कार्ड वापरल्यावर व्यवहारात सामान्यतः चार पक्ष असतात : कार्डधारक व त्याला कार्ड देणारी बँक, दुकानदार व त्याची बँक. या दोन बँकांना कार्डजाळे जोडते. रक्कम स्थानिक चलनात मागितली गेली, तर कार्डजाळे स्वतःच्या त्या दिवशीच्या दराने तिचे रूपांतरण करते. व्हिसा व मास्टरकार्ड हे दर आपापल्या संकेतस्थळांवर प्रसिद्ध करतात आणि ते घाऊक बाजारातील दराच्या बरेच जवळ असतात. त्यानंतर कार्ड देणारी बँक त्यावर आपले शुल्क चढवते.

मात्र रूपांतरण दुकानातील यंत्रावर किंवा परदेशी एटीएमवरच झाले, तर दर ठरविण्याचा अधिकार कार्डजाळ्याकडे राहत नाही. तो यंत्र पुरविणाऱ्या संस्थेकडे जातो. शुल्काच्या दृष्टीने हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे.

शुल्कांचे प्रकार

परकीय चलन मार्कअप : कार्ड देणारी बँक रूपांतरित रकमेवर जे टक्केवारी शुल्क घेते त्यास ‘मार्कअप’ म्हणतात. अनेक भारतीय कार्डांवर ते ३.५ टक्के असते. या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, म्हणून प्रत्यक्ष भार ४.१३ टक्के होतो. काही कार्डांवर मार्कअप २ टक्क्यांच्या आसपास असतो, तर काहींवर तो मुळीच नसतो.

डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन : संक्षेपाने ‘डीसीसी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत परदेशातील यंत्र ग्राहकाला स्थानिक चलनाऐवजी त्याच्या मायदेशाच्या चलनात रक्कम देण्याचा पर्याय देते. पडद्यावर रुपयांतील आकडा दिसल्याने ग्राहक निश्चिंत होतो. परंतु त्या आकड्यात वापरलेला दर सहसा कार्डजाळ्याच्या दरापेक्षा महाग असतो. या फरकातून मिळणारे उत्पन्न सेवा पुरविणारी संस्था, दुकानदाराची बँक आणि दुकानदार यांच्यात वाटले जाते. त्यामुळे हा पर्याय सुचविण्यात दुकानदाराचेही हित असते. शिवाय परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावर अनेक भारतीय बँका सुमारे १ टक्का वेगळे शुल्क लावतात.

एटीएम शुल्क : परदेशात रोख रक्कम काढताना दोन स्वतंत्र शुल्के लागू शकतात. एक कार्ड देणारी बँक घेते आणि दुसरे एटीएम चालविणारी स्थानिक बँक घेते. थायलंडमध्ये परकीय कार्डावर दर खेपेस २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क आकारले जाते. असे ठरावीक शुल्क लहान रकमेला जड जाते. २,००० बाट काढल्यास २२० बाट म्हणजे ११ टक्के होतात. २०,००० बाट काढल्यास तेच शुल्क १.१ टक्का ठरते.

क्रेडिट कार्डावरील रोकड : क्रेडिट कार्डाने रोख रक्कम काढल्यास सामान्यतः २.५ टक्क्यांच्या आसपास, परंतु ठरलेल्या किमान रकमेपेक्षा कमी नाही, असे शुल्क लागते. खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत येथे लागू नसते. पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. मार्कअप याखेरीज असतो.

प्रीपेड फॉरेक्स कार्डावरील शुल्के : या कार्डावर प्रवासापूर्वी परकीय चलन भरून ठेवतात. त्यामुळे दर आधीच निश्चित होतो आणि त्याच चलनातील खरेदीवर मार्कअप लागत नाही. तथापि चलन विकताना बँकेने दरात आपला नफा धरलेला असतो. कार्ड देण्याचे, पुन्हा पैसे भरण्याचे व दीर्घकाळ न वापरल्याचे शुल्कही असू शकते. कार्डात नसलेल्या चलनात खर्च केल्यास चलनांतर शुल्क पडते. युरो भरलेले कार्ड स्वित्झर्लंड, स्वीडन किंवा चेक प्रजासत्ताकात वापरल्यास असे घडते, कारण या देशांचे चलन युरो नाही.

उदाहरण

हिशेबाच्या सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये आणि डीसीसीच्या दरातील वाढ ६ टक्के असे गृहीत धरल्यास, २०० युरोंच्या बिलाचा भार पुढीलप्रमाणे पडतो.

१. मार्कअप नसलेले कार्ड, रक्कम युरोत दिली : २०,००० रुपये.
२. ३.५ टक्के मार्कअपचे कार्ड, रक्कम युरोत दिली : मार्कअप ७०० रुपये, त्यावरील कर १२६ रुपये, एकूण २०,८२६ रुपये.
३. डीसीसी स्वीकारून रक्कम रुपयांत दिली : यंत्रावर २१,२०० रुपये दिसतात. त्यावर १ टक्का शुल्क व कर मिळून सुमारे २५० रुपये, एकूण सुमारे २१,४५० रुपये.

तिसऱ्या प्रकारात कार्ड मार्कअपविरहित असले, तरी यंत्राने लावलेली ६ टक्के वाढ टळत नाही. म्हणजेच चांगल्या कार्डाचा लाभ एका चुकीच्या निवडीने नाहीसा होतो.

भारतातील नियम

कार्डाची आंतरराष्ट्रीय सुविधा : १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्ड केवळ देशांतर्गत एटीएम व दुकानांतील वापरासाठी सुरू केलेले असते. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः बँकेचे अ‍ॅप, संकेतस्थळ किंवा अन्य मार्गाने सुरू करावा लागतो. व्यवहाराची कमाल मर्यादाही ग्राहकाला ठरविता येते.

रोख चलन : बहुतेक देशांच्या प्रवासासाठी एका भेटीस ३,००० डॉलरपर्यंतचे परकीय चलन नोटा व नाण्यांच्या रूपात घेता येते, उर्वरित रक्कम कार्डावर किंवा अन्य स्वरूपात न्यावी लागते. चलन खरेदीची ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देता येत नाही. परत आल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत बँकेत किंवा परवानाधारक चलन व्यावसायिकाकडे जमा करावे लागते. मात्र २,००० डॉलरपर्यंतचे चलन स्वतःजवळ ठेवता येते.

स्रोतावर कर-संकलन : एलआरएसखाली एका आर्थिक वर्षात ठरावीक मर्यादेपलीकडे परकीय चलन घेतल्यास ‘टीसीएस’ गोळा केला जातो. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख रुपये आहे. डेबिट व फॉरेक्स कार्डांवरील परदेशी खर्च एलआरएसमध्ये मोजला जातो. आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डावरील परदेशातील खर्च त्यात आणण्याचा निर्णय केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये पुढे ढकलला. टीसीएस हे बँकेचे शुल्क नव्हे. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात त्याची वजावट किंवा परतावा मिळतो. तथापि तोपर्यंत पैसे अडकून राहतात.

शुल्क कमी करण्याचे उपाय

स्थानिक चलनाची निवड : यंत्राने चलन विचारल्यास त्या देशाचे चलन निवडणे सामान्यतः स्वस्त पडते. पिन क्रमांक देण्यापूर्वी पडद्यावरील चलनाचे चिन्ह पाहणे आवश्यक असते, कारण काही वेळा दुकानातील कर्मचारी ग्राहकाला न विचारताच पर्याय निवडतो. अशा वेळी व्यवहार रद्द करून तो पुन्हा करण्यास सांगता येते. एटीएमवर ‘रूपांतरणासह’ व ‘रूपांतरणाशिवाय’ असे पर्याय दिसल्यास दुसरा निवडावा. रूपांतरण नाकारल्याने व्यवहार रद्द होत नाही. पैसे मिळतातच, केवळ रूपांतरण कार्डजाळ्याच्या दराने होते.

कार्डाची पूर्वतपासणी : प्रवासापूर्वी बँकेच्या शुल्कपत्रकातून मार्कअप, एटीएम शुल्क आणि परदेशातील रुपयांतील व्यवहारांवरील शुल्क या तिन्ही बाबी तपासता येतात. मार्कअप नसलेल्या कार्डाचे वार्षिक शुल्क जास्त असेल, तर अपेक्षित खर्चाशी त्याची तुलना करणे इष्ट ठरते.

रोख रकमेचे नियोजन : वारंवार लहान रकमा काढण्याऐवजी मोजक्या वेळा पुरेशी रक्कम काढल्यास ठरावीक शुल्काचा भार कमी होतो. रोकडीसाठी क्रेडिट कार्डाऐवजी डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड वापरणे हितावह असते. विमानतळावरील चलन केंद्रांचे दर सामान्यतः शहरातील दरांपेक्षा महाग असतात. म्हणून पहिल्या दिवसापुरते चलन प्रयाणापूर्वीच घेऊन ठेवणे सोयीचे ठरते. ‘कमिशन नाही’ अशी पाटी असली, तरी खरेदी व विक्रीच्या दरांतील अंतर पाहिल्याशिवाय खरा खर्च कळत नाही.

अनामत रकमा : हॉटेले व भाड्याने मोटार देणाऱ्या कंपन्या कार्डावरील काही रक्कम अनामत म्हणून अडवून ठेवतात. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर प्रत्यक्ष शिल्लकच अडकते, तर क्रेडिट कार्डावर केवळ पतमर्यादेचा काही भाग. त्यामुळे अशा कामासाठी क्रेडिट कार्ड अधिक सोयीचे असते.

यूपीआय : निवडक देशांत भारतीय यूपीआयने पैसे देता येतात. भूतानमध्ये ही सोय जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती फ्रान्समधील आयफेल मनोऱ्यावर, तसेच श्रीलंका आणि मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसमध्ये उपलब्ध झाली. भूतानचे ङुल्ट्रुम रुपयाच्या समान मूल्याचे असल्याने तेथे दराचा प्रश्न उद्भवत नाही. इतरत्र बँकेचे रूपांतरण शुल्क लागू शकते. म्हणून संमती देण्यापूर्वी रुपयांतील अंतिम रक्कम पाहणे आवश्यक असते.

ग्राहकसंरक्षण

शुल्क दरात दडविण्याच्या प्रथेवर काही देशांत कायदेशीर कारवाई झाली आहे. अमेरिकेत चलन रूपांतरण शुल्कांबाबत व्हिसा, मास्टरकार्ड व काही बँकांवर दाखल झालेल्या सामूहिक दाव्यात २००६ साली ३३.६ कोटी डॉलरची तडजोड झाली. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमानुसार १९ एप्रिल २०२० पासून डीसीसी देणाऱ्यांना आपले एकूण शुल्क युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरावरील टक्केवारीत दाखविणे बंधनकारक झाले. मात्र हा नियम संघातील देशांच्या चलनांना उद्देशून आहे. रुपयांतील रूपांतरणासाठी भारतीय प्रवाशाला त्याचा आधार गृहीत धरता येत नाही. डीसीसीचा पर्याय देताना ग्राहकाची संमती घ्यावी, असा कार्डजाळ्यांचा स्वतःचाही नियम आहे.

चुकीच्या आकारणीबद्दल प्रथम कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करावी लागते. त्यासाठी दुकानाची पावती महत्त्वाचा पुरावा ठरते, कारण व्यवहार कोणत्या चलनात झाला हे तिच्यावर छापलेले असते. भारतीय बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. २०२१ साली बँकांसह विविध वित्तसंस्थांसाठी एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली.

मर्यादा

सर्व शुल्के टाळणे नेहमीच शक्य नसते. घाऊक बाजारातील दर सामान्य ग्राहकाला क्वचितच मिळतो आणि स्थानिक एटीएमचे शुल्क चुकविण्याचा पर्याय प्रत्येक ठिकाणी नसतो. वस्तू परत केल्यास परतावा त्या दिवशीच्या दराने मिळतो. आरंभी घेतलेला मार्कअप परत मिळेलच असे नाही. केवळ स्वस्ताईसाठी एकाच कार्डावर विसंबून राहणेही धोक्याचे असते. कार्ड हरवल्यास किंवा यंत्रात अडकल्यास ऐन वेळी महागडा मार्ग पत्करावा लागतो. म्हणून दोन निरनिराळ्या कार्डजाळ्यांची कार्डे स्वतंत्र ठिकाणी ठेवणे आणि थोडी रोकड जवळ बाळगणे हा रूढ व सुरक्षित प्रघात आहे.