मैदानाबाहेरचा झाडा

१९३६ सालीं लाला अमरनाथ यांस इंग्लंडच्या दौऱ्यांतून, पहिल्या कसोटीपूर्वींच, घरीं धाडण्यांत आलें. अपराध खेळांतला नव्हता. लॉर्ड्सवर पोशाख बदलण्याच्या खोलींत त्यांनीं राग बोलून दाखविला, एवढाच. पुढें, १९३७ सालीं, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांच्या समितीनें त्यांस बहुतांशीं निर्दोष ठरविलें. पण दौरा केव्हांच संपला होता. शिक्षा आधीं व चौकशी मागाहून, ही रीत आम्हांस न्यायाची वाटत नाहीं.

एका खेळाडूच्या जिभेचा झाडा इतक्या तत्परतेनें घेतला गेला; संघरचनेचा झाडा घेण्यास मात्र आमच्या क्रिकेटला फार वर्षें लागलीं. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन व इतर असे धर्मवार संघ असत. डिसेंबर १९४० मध्यें हिंदु जिमखान्याचे प्रतिनिधि वर्ध्यास गांधीजींकडे आले. बाहेर महायुद्ध, सत्याग्रही तुरुंगांत. अशा वेळीं हे सामने नकोत, असें मत पडलें. महाविद्यालयांचे सामने आपण समजूं शकतों, धर्मवार संघ कां हें मात्र कधींच समजलें नाहीं, असेंही गांधीजी म्हणाले. (आम्हां प्राध्यापकांस हें प्रशस्तिपत्रच; वसतिगृहांतील भांडणें पाहतां तें जपूनच मिरवावें!)

त्या वर्षीं हिंदु संघ खेळला नाहीं. पुढच्याच वर्षीं तो परतला. सामने थांबले ते १९४६ सालीं.