पेवापासून पुडीपर्यंत : आमच्या घरखर्चाचा इतिहास

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात निजामाच्या खजिन्याचे वर्णन सापडते, त्याच्या फौजेचे सापडते, त्याच्याविरुद्ध झालेल्या लढ्याचेही सापडते. त्याच काळात सास्तूरसारख्या गावातली एखादी बाई महिन्याला काय विकत घेत होती, काय घरचे वापरत होती आणि किती पैसे वाचवत होती, हे मात्र कुठेच सापडत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलांना सनावळ्या पाठ होतात, पण आपल्या आजीच्या काळी पायली म्हणजे किती, हे त्यांना सांगता येत नाही. राज्ये बदलली, नाणी बदलली, जिल्हा उस्मानाबादचा धाराशिव झाला. चूल मात्र रोज पेटवावीच लागली. त्या चुलीच्या खर्चाचाही एक इतिहास आहे आणि तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

जुन्या मराठवाड्यातले शेतकरी घर बाजारात फार कमी जात असे. ज्वारी, तूर, करडई, जवस, मूग शेतातून येई. धान्य पेवात राही. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, आतून काड-कडबा लावायचा, धान्य भरून तोंड मातीने लिंपायचे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. कोंडलेल्या वायूने माणूस दगावतो, म्हणून बराच वेळ ते मोकळे ठेवत. बलुतेदारांना मोबदला धान्यातच मिळे. विकत आणायचे ते मीठ, गूळ, कापड, रॉकेल आणि थोडा मसाला. या खरेदीत आमच्या समाजाचा मोठा वाटा होता, पण तो विकणाऱ्याच्या बाजूने. आतार, बागवान, तांबोळी, मणियार, पिंजारी ही आज आडनावे वाटतात. मुळात ती बाजारातल्या कामांची नावे आहेत. आठवडी बाजारात ज्याच्याकडून सौदा घ्यायचा, तो बहुधा ओळखीचा आणि पिढ्यांचा असे.

पण हा काळ सोन्याचा होता असे आम्ही म्हणणार नाही. बाजारात गेल्यावर गरिबाची दोन ठिकाणी नड होई. पहिली नाण्याची. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले आणि शेजारच्या सोलापुरात इंग्रजांचा कलदार. सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये, हा सर्वसाधारण दर. म्हणजे सात हाली रुपये घेऊन सोलापूरला कापड घ्यायला गेलेल्या माणसाच्या हातात तिथे सहाच रुपये उरत. शिवाय सरहद्दीवर करोडगिरीची जकात होतीच. दुसरी नड मापाची. चार शेरांची पायली हे सर्वांना ठाऊक होते, पण शेर केवढा हे गावोगावी वेगळे. माप शिगेचे की सपाट, यावर भांडणे होत. घेण्याची पायली वेगळी आणि देण्याची वेगळी, ही तक्रार जुनी माणसे अजूनही सांगतात.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्याआधी रझाकारांनी केलेले अत्याचार आणि त्यानंतर मुस्लिम वस्त्यांवर कोसळलेली आपत्ती, ही दोन्ही सत्ये आहेत. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली असे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद होता. या विषयावर राजकारणाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. घरखर्चाच्या अंगाने पाहिले तर एवढेच दिसते की, ज्या घरातला कमावता माणूस गेला, मग ते घर कोणाचेही असो, तिथे पेव रिकामे झाले आणि उधारीची वही सुरू झाली.

पुढच्या काही वर्षांत हाली शिक्का गेला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. मापांचा नवा कायदा १९५६ साली झाला आणि शेर-पायलीच्या जागी हळूहळू किलो व लिटर आले. आज हे बदल आपल्याला किरकोळ वाटतात. पण एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात आणि सव्वा पैशाचे नाणे नसते. अशा वेळी वरचा पाव पैसा कोणाच्या बाजूला जातो, हे ज्याला हिशेब येतो त्यालाच कळते. अक्षरओळख आणि अंकओळख ही आपल्याकडच्या घरांतली पहिली बचत आहे, असे आम्ही पालकांना सांगतो ते यासाठीच.

त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे १९७२चा दुष्काळ. पेवे रिकामी पडली. माणसे खडी फोडायला गेली, सुकडी खाऊन राहिली, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी घेऊ लागली. ज्वारी पिकवणाऱ्या प्रदेशाने रांगेत उभे राहून ज्वारी घ्यावी, हा धक्का मोठा होता. रोजगार हमीची कल्पना याच दुष्काळात महाराष्ट्रभर उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्याच १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या.

शहरातल्या माणसांनी मोर्च्याबरोबर दुसरा मार्गही धरला होता. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली अपना बाजार सुरू झाला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिच्या पद्धतीत शेजारची काही कुटुंबे एक गट करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, माल घाऊक येतो आणि गटातली माणसेच तो वाटून घेतात. दुकानाचे भाडे नाही, जाहिरात नाही, मधला माणूस नाही. याचे मूळ इंग्लंडातील रॉचडेल गावात आहे. तिथे १८४४च्या डिसेंबरात काही विणकर व कारागिरांनी स्वतःचे दुकान काढले. पीठ, लोणी, साखर असा मोजकाच माल, भेसळ नाही, वजन पुरे आणि व्यवहार रोखीचा. वर्षअखेरचा नफा ज्याने जितका माल घेतला त्या प्रमाणात परत.

मग ही पद्धत सास्तूरला का आली नाही? आमच्या मते उत्तर ‘रोखीचा’ या एका शब्दात आहे. गिरणी कामगाराला ठरलेल्या तारखेला पगार मिळतो. तो महिन्याचे पैसे आगाऊ भरू शकतो. शेतमजुराला मजुरी मिळते बाजाराच्या आदल्या दिवशी आणि शेतकऱ्याला पैसा मिळतो पीक विकल्यावर. मधले दिवस उधारीवर काढायचे. ज्याच्याकडे पैसे कमी, तोच पुडीने घेतो. आणि पुडीने घेणाऱ्यालाच माल महाग पडतो.

हे आम्ही वर्गात फळ्यावर मांडतो. समजा, तूरडाळ १६० रुपये किलो आहे आणि पाव किलोची पुडी ४२ रुपयांना. चार पुड्यांचे १६८ झाले. किलोमागे आठ रुपये, म्हणजे शेकडा पाच जादा. आता समजा, रोखीत ३००० रुपयांना मिळणारा महिन्याचा किराणा उधारीत ३१५० रुपयांना पडतो. महिन्याला १५० वाढले, वर्षाला १८००. तीन हजारांच्या उधारीवर वर्षाला अठराशे म्हणजे शेकडा साठ. कोणी सावकाराने हा दर तोंडाने सांगितला असता तर आपण तिथून उठून आलो असतो. सूद निषिद्ध मानणाऱ्या आमच्या घरांत भावात मिसळून आलेला हा सूद वर्षानुवर्षे निमूटपणे भरला जातो, कारण त्याला कोणी सूद म्हणत नाही. यात दुकानदारालाच दोष देऊन चालणार नाही. त्याचाही पैसा अडकतो, काही बुडतो, आणि अडीच्या वेळी दार उघडणाराही तोच असतो.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. या भूकंपात किल्लारी आणि सास्तूर ही नावे जगाला कळली. दगड-मातीच्या जाड भिंतींनी, ज्या उन्हाळ्यात घर थंड ठेवत होत्या, झोपलेली माणसे गाडली. हजारो माणसे गेली, ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. आमची पिढी तेव्हा पाळण्यात होती किंवा जन्मलीही नव्हती; जे ठाऊक आहे ते मोठ्यांकडून. ढिगाऱ्याखाली माणसांबरोबर कणग्या, उतरंडी, पितळेची भांडी आणि उधारीच्या वह्याही गेल्या. एका रात्रीत साऱ्या घरांचा संसार शून्यावर आला. जात, धर्म, ऐपत यांचा भेद मदतीच्या रांगेत उरला नाही.

पुनर्वसनाच्या काळातच इथल्या बायका पहिल्यांदा घरखर्चाबाहेरच्या हिशेबात आल्या. घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या सरकारी कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या गावोगावी महिला मंडळांना कामाला लावले. सिमेंट किती लागते, भिंतीत कोणता दगड घालायचा, पैसा कुठे गेला, हे बायका विचारू लागल्या. याच मंडळांतून पुढे बचत गट उभे राहिले. मुस्लिम घरांतल्या काही बायका व्याजाच्या प्रश्नामुळे गटापासून दूर राहिल्या, हे नाकारून चालणार नाही. त्यांनी बीसी धरली. बीसीत व्याज नसते. दहा जणींनी दरमहा सारखी रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकीने उचलायची. ही उचललेली रक्कम बहुधा शिलाई यंत्राला, लग्नाला किंवा कपाटाला जाते. तीच वर्षाच्या डाळीला लावली तर काय होईल, याचा विचार फारसा झालेला नाही.

तो व्हायला हवा, कारण दरम्यान शेतच बदलले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इथल्या खरिपात सोयाबीन पसरले. रोख पैसा आला हे खरे, पण सोयाबीनची भाकरी होत नाही. मूग, उडीद आणि ज्वारी मागे पडली, करडई तर दिसेनाशी होऊ लागली. शेतकऱ्याचे घर डाळ आणि तेल विकत घेणारे घर झाले. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. म्हणून २०२२च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा जगभरच्या बाजारात धास्ती पसरली. एकेकाळी करडईच्या घाण्यावर तेल काढून आणणाऱ्या गावाच्या कढईचा भाव आता समुद्रापलीकडे ठरतो.

याला उत्तर म्हणून बायकांनीच एक वाट काढली. दुष्काळाच्या वर्षांत मराठवाड्यातल्या अनेक बायकांनी, त्यात या जिल्ह्यातल्याही, घरच्या शेतातला अर्धा-एक एकर मागून घेतला. त्यात ज्वारी, कडधान्ये, भाज्या लावल्या. आधी घरचे ताट, उरले तर बाजार. या कामासाठी स्वयं शिक्षण प्रयोगला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हेही लक्षात ठेवावे. नवरा एकरभर रान बायकोच्या हाती सोडतो ही गोष्ट साधी नाही. पण वर्षभर भाजी आणि डाळ विकत आणावी लागत नाही, तेव्हा तोही हिशेब मान्य करतो. ज्यांना शेतच नाही, आणि आमच्या समाजात अशी घरे पुष्कळ आहेत, त्यांना मात्र ही वाट बंद आहे.

भूमिहीनांचा आधार रेशन. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. हा फार मोठा आधार आहे. पण ते मुख्यतः गहू-तांदूळ आहे. डाळ, तेल, चहा, साखर, साबण हे विकतच. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेलाचा संच दिला, तेव्हा लोकांची नड नेमकी कशाची आहे हे दिसले.

या सगळ्यातून आम्हाला एक गोष्ट दिसते. घराची बचत एकट्या बाईच्या काटकसरीने फारशी होत नाही. ती आधीच पोटाला चिमटा घेऊन जगते. माप प्रामाणिक झाले, धान्य साठवता आले, चार घरांनी मिळून घेतले, तेव्हाच पैसा उरला. आमचे बुजुर्ग इस्राफ नको म्हणत आणि बरकतीची दुआ मागत. ताटात टाकून देणे हा इस्राफ आपल्याला कळतो. शेकडा साठने किराणा घेणे हाही इस्राफच आहे, हे मुलांना समजावून सांगावे लागते.

त्याची सुरुवात रमजानपासून करता येईल. रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. तो कधी सुगीत येतो, कधी ऐन टंचाईत. पण सर्व घरांना एकाच वेळी तोच माल लागतो : खजूर, शेवया, साखर, सुकामेवा, बेसन, तेल. दहा घरांनी बीसीची एक पाळी या खरेदीसाठी राखून ठेवावी. शाबानमध्येच यादी करावी, दोघींनी जाऊन घाऊक भाव विचारावा, पावती घ्यावी आणि आपल्याच काट्यावर वाटून घ्यावे. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते, ज्वारी त्यानंतर. तेव्हा याच पद्धतीने वर्षाची डाळ व ज्वारी भरता येईल. त्यात व्याज नाही, कोणाचे कर्ज नाही. हिंदू शेजारणी त्यात आल्या तर भाव आणखी उतरेल. दिवाळीची यादी त्यांची, ईदची आमची, आणि डाळ दोघींची.

वाचकांना आणखी एक विनंती. कवी फ. म. शहाजिंदे हे आमच्याच सास्तूरचे. या मातीने लिहिणारी माणसे दिली आहेत. पण घरातल्या जुन्या वह्या आपण रद्दीत घालतो. आजोबांची उधारीची वही, रेशनचे जुने कार्ड, बीसीचा कागद, लग्नाच्या किराण्याची यादी सापडली तर फेकू नका. त्यावरचे भाव, मापे आणि तारखा उतरवून घ्या. भूकंपाने आमच्या गावाचे असे कितीतरी कागद गिळले. जे उरले आहेत त्यांतूनच पुढच्या पिढीला कळेल की आपण काय खात होतो, किती देत होतो आणि त्यातले किती वाचले असते.