घरातील नळकाम आणि संडासाची दुरुस्ती : प्लंबर बोलावताना

बडोद्यातील आपल्या बऱ्याच घरांत आता ज्येष्ठ मंडळी दोघेच राहतात. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी असतात. फ्लशची टाकी वाहू लागली किंवा संडास तुंबला की सभासद एकमेकांना विचारतात, "चांगला प्लंबर कोण?" त्याला नेमके काय सांगायचे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. बिघाड कोठे आहे याचा अंदाज घरमालकाला असेल तर काम लवकर होते आणि पैशांवरून वाद होत नाही. त्यासाठी ही माहिती आम्ही एकत्र केली आहे.

बोलावण्यापूर्वी घरी पाहायच्या गोष्टी

१. व्हॉल्व्ह : गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाइपांना बहुधा टाकीजवळच व्हॉल्व्ह असतात. कोणता व्हॉल्व्ह स्वयंपाकघराचा आणि कोणता संडास-बाथरूमचा, हे रंगाने लिहून ठेवावे. वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह जाम होतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी एकदा हलक्या हाताने फिरवावा. कमोडच्या टाकीशेजारी भिंतीवर लहान अँगल कॉक असतो. तो बंद केला की फक्त फ्लशचे पाणी थांबते, बाकी घर चालू राहते. पाइप फुटला तर प्लंबर येईपर्यंत एवढी माहिती पुरते.

२. फ्लशची गळती : टाकीत खाण्याचा रंग थोडा टाकावा आणि १५-२० मिनिटे फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर खालचा वॉशर गेला आहे, असे समजावे. टाकी भरूनही पाणी येतच राहून आतल्या उभ्या नळीतून भांड्यात जात असेल तर दोष बॉल कॉकचा असतो. तरंगता गोळा हाताने उचलून पाहावा. पाणी थांबले तर गोळ्याची उंची बदलून काम भागते, न थांबल्यास बॉल कॉक बदलावा लागतो. दोन्ही सुटे भाग बाजारात मिळतात. त्यासाठी सहसा पूर्ण टाकी बदलण्याची गरज नसते.

३. गळतीचा हिशेब : ठिबकणाऱ्या तोटीखाली एक लिटरचे भांडे ठेवावे. ते १० मिनिटांत भरले तर दिवसाला १४४ लिटर आणि ३० दिवसांत ४,३२० लिटर पाणी गेले. पंपाची वीज वेगळीच. दुरुस्ती पुढे ढकलण्याआधी हा आकडा काढून पाहावा.

४. दुर्गंधी : कमोडच्या आणि न्हाणीच्या वळणात थोडे पाणी कायम साठलेले असते. गटाराचा वास तेच अडवते. मुलांकडे दोन-तीन महिने राहून परतल्यावर घरात वास येतो, त्याचे कारण पुष्कळदा हे पाणी सुकणे हेच असते. प्रत्येक जाळीत एक-दोन तांबे पाणी ओतावे. तरीही वास राहिला तर मग प्लंबरला बोलवावे.

५. तुंबलेला संडास : आधी रबरी पंप वापरावा. ॲसिड ओतून वाट पाहू नये. संडास साफ करायचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ॲसिड आधीच ओतले असेल तर प्लंबरला काम सुरू करण्यापूर्वी सांगावे. त्याचे हात आणि डोळे त्या पाण्याजवळ जाणार असतात.

फोनवर काय सांगावे

बडोद्यात प्लंबरशी बोलणे बहुधा गुजरातीत होते. घरी बोलतो ते मराठी शब्द त्याला कळतीलच असे नाही. तोटीला "चकली", गटाराला "गटर", मैल्याच्या टाकीला "खाळकूवो" आणि गवंड्याला "कडियो" म्हणतात. चेंबरमधून पाणी वर येत असेल तर "गटर उभराय छे" एवढे सांगितले की तो योग्य हत्यारे घेऊन येतो. नळ जीआयचा आहे की प्लास्टिकचा, कमोड जमिनीवर बसवलेला आहे की भिंतीवर, हेही सांगावे. शक्य असेल तर फोटो पाठवावा.

दर, सामान आणि बिल

काम सुरू होण्यापूर्वी तीन आकडे विचारावेत : फेरीचे किती, मजुरीचे किती आणि सामान अंदाजे किती. ते कागदावर लिहून घ्यावेत. ठरल्यापेक्षा जास्त तोडफोड लागली तर पुन्हा विचारूनच पुढे जायचे, हेही तेव्हाच ठरवावे. आगाऊ रक्कम फक्त सामानापुरती द्यावी. सामानाचे दुकानाचे बिल घ्यावे, पुढे वॉरंटीसाठी तेच लागते. काढलेला जुना भाग पाहून घ्यावा.

पाइपवर आयएसआयची खूण पाहावी. गिझरच्या गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइपच लागतो, साधा यूपीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांत जीआय पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात. तिथे तोट्या बदलून पाण्याचा जोर वाढत नाही, पाइपच बदलावा लागतो. नवा सांधा जोडल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत पाणी सोडू नये. मग पाणी सोडून, चार-पाच वेळा फ्लश करून, सांध्यावर कोरडा कागद फिरवून पाहावा आणि ठरलेली रक्कम लगेच द्यावी. काम झाल्यावर घासाघीस करणाऱ्याकडे पुढच्या वेळी प्लंबर उशिराच येतो.

खर्च कोणाचा

फ्लॅटमध्ये घराच्या आतील नळकाम सहसा सभासदाचे आणि बाहेरचे सामाईक उभे पाइप सोसायटीचे मानले जातात. तरी आपल्या सोसायटीचे नियम वाचावेत. वरच्या घरातून खाली पाणी झिरपत असेल तर दोन्ही घरच्यांनी मिळून एकाच प्लंबरकडून तपासणी करून घ्यावी. भावाभावांत वाटलेल्या वाड्यात गटाराची लाइन पुष्कळदा एकच राहिलेली असते. तिच्या सफाईची वाटणी आधीच लिहून ठेवली तर सणासुदीला तुंबल्यावर वाद होत नाहीत.

खाळकुव्यात माणूस उतरवू नये

या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना ही आहे. शहराच्या कडेच्या सोसायट्यांत आणि जुन्या बंगल्यांत अजून मैल्याच्या टाक्या आहेत. टाकी भरली की कोणीतरी "पाचशे रुपये जास्त द्या, आत उतरून साफ करतो" असे म्हणतो. ते कधीही मान्य करू नये. आतल्या हायड्रोजन सल्फाइडने आणि प्राणवायूच्या अभावाने माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. वायू जास्त असेल तर त्याचा वासही जाणवेनासा होतो. जून २०१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, डभोईजवळ फरतीकुई येथे एका हॉटेलच्या टाकीत सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत चार सफाई कामगार आणि हॉटेलचे तीन कर्मचारी होते. आधी उतरलेला वर येईना म्हणून इतर त्याच्यामागे उतरले होते.

२०१३ च्या केंद्रीय कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटार किंवा मैल्याची टाकी साफ करायला माणूस लावणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. काम देणारे घरमालक किंवा सोसायटीही त्यातून सुटत नाही. टाकी यंत्राने उपसणारी गाडीच बोलवावी. कोणी आत पडले तर मागे उतरू नये, १०१ वर अग्निशमन दलाला बोलवावे.

आलेल्या माणसाशी वागणूक

हे काम करणाऱ्याला आपल्याकडे अनेकदा मागच्या दाराने बोलावतात आणि चहाचा कप वेगळा ठेवतात. आपल्या घरात हे नसावे. "भाई" म्हणून बोलवावे, हात धुवायला साबण आणि कोरडा टॉवेल द्यावा, चहा आपल्याच कपात द्यावा. चांगले काम केलेल्या प्लंबरचे नाव त्याला विचारून मंडळाच्या कार्यालयात कळवावे. काय काम केले आणि किती रुपये घेतले तेही लिहावे, म्हणजे एकट्याने राहणाऱ्या सभासदांना त्याचा उपयोग होईल.