ग्रुप फोटोतली मागची रांग

आजचा विषय आहे कारखान्यांचे जुने फोटो. ते इतिहास म्हणून कसे वाचायचे आणि त्यांतून काय निसटतं, हे आपण बघू. आळंदीत हे बोलायला कारण आहे. एका अंगाला भोसरी-पिंपरी, दुसऱ्या अंगाला चाकण. या पट्ट्यात राबलेली कितीतरी माणसं आळंदी, मोशी, चऱ्होली भागात राहतात.

सुरुवात पिंपरीपासून करू. १९५४ साली तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आली १९७० मध्ये. म्हणजे आधी कारखाना, मग शहर! १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि १९६६ मध्ये टेल्को पुण्यात आली. तिने गाड्या बनवण्याआधी प्रशिक्षण विभाग सुरू केला, कारण कारागीर इथेच घडवायचे होते.

या काळातले कंपन्यांचे फोटो साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला पाहुण्यांचा: कोनशिला, फीत, हार. दुसरा यंत्राचा. मित्तर बेदींसारख्या छायाचित्रकारांनी यंत्रांवर असा काही प्रकाश टाकला की कारखाना देखणा दिसू लागला. अशा फोटोत माणूस पुष्कळदा यंत्राचा आकार कळावा म्हणून उभा असतो. तिसरा खात्याचा ग्रुप फोटो. पुढे खुर्च्यांवर साहेब, मागे उभे कामगार. खालच्या ओळीत नावं कुणाची? खुर्चीवाल्यांची. बाकीचे 'इतर कर्मचारी'.

याने नुकसान काय होतं? पिंपरीच्याच प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या हाताखाली हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध सापडलं. त्याचं नाव कंपनीच्या 'एच. ए.' या आद्याक्षरांवरून पडलं, आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. पिंपरी गाव असं शास्त्राच्या पुस्तकात गेलं. पण अशी औषधं टाक्यांमध्ये कित्येक दिवस अखंड आंबवावी लागतात. तापमान आणि निर्जंतुक हवा रात्रंदिवस सांभाळावी लागते. ती तिसऱ्या पाळीत कुणी सांभाळली? त्याचं उत्तर मागच्या रांगेत उभं आहे, आणि तिथे नाव नाही.

काही गोष्टी तर फ्रेममध्येच येत नाहीत. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले होते. त्याचे फोटो बघायचे तर वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली काढाव्या लागतात. सुवर्णमहोत्सवी ग्रंथांत सहसा संप सापडत नाही, कुणाचीही कंपनी असो. म्हणून कंपनीचा संग्रह हा अर्धा पुरावा आहे, असं आम्ही मानतो.

हा अर्धा पुरावाही मोलाचा आहे बरं का. पुण्यात टाटा सेंट्रल आर्काइव्हज आहे, विक्रोळीत २००६ पासून गोदरेजचं अभिलेखागार आहे. तिथे कागद आणि फोटो नीट जपले जातात. पण अनेक लहान वर्कशॉप बंद पडली, जागा विकल्या गेल्या, कपाटं रद्दीत गेली. त्यांचा इतिहास आता उरला असेल तर निवृत्त कामगारांच्या ट्रंकेत: निरोप समारंभ, स्नेहसंमेलन, खंडेनवमीला पूजलेली मशिनं, जुनं ओळखपत्र.

आता चाकणकडे बघा. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ मध्ये सुरू झाला. त्या सुमारास चाकणचा पट्टा झपाट्याने वाढला. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, पण बऱ्याच कारखान्यांच्या गेटवर त्यावर स्टिकर लागतो. कंत्राटी मुलगा सात-आठ महिन्यांत दुसरीकडे जातो. ग्रुप फोटोत उभं राहायची वेळच येत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या फिटरचा निदान बिननावाचा फोटो आहे. या मुलाचा कामावरचा तोही नसेल.

म्हणून एक काम सुचवतो. घरातला जुना फोटो काढा आणि वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे नावं विचारा. खातं कोणतं, साल साधारण कोणतं, हात कशाने काळे झालेत, तेही विचारा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा. बॉलपेनने वळ उठतात आणि शाई फुटते. लॅमिनेशन करू नका. नाव आठवत नसेल तर जागा रिकामी सोडा, अंदाजाने भरू नका. कुणी सांगितलं आणि कधी, तेही लिहा. मग मोबाईलवर दोन्ही बाजूंचा फोटो घ्या.

१९६६ साली विशीत असलेला शिकाऊ कामगार आज ऐंशीच्या घरात आहे. त्याला मागची रांग अजून ओळखता येते. हे काम या दिवाळीपर्यंत करा, एवढंच आमचं मागणं.