ऑनलाइन जुनं नाणं घेताय? आधी डबीवरचा नंबर तपासा

जुनी नाणी ऑनलाइन विकताना बऱ्याचदा प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून वर ‘ग्रेड’ लिहिलेली असते. ग्रेड १ ते ७०. ७० म्हणजे निर्दोष. पण ती दिली कोणी, हे महत्त्वाचं. अमेरिकेतल्या पीसीजीएस, एनजीसी या कंपन्यांच्या डबीवरचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकला की नाण्याची नोंद दिसते. नंबर खरा अन् डबी नकली, असंही होतं; नोंदीत फोटो असेल तर जुळवून बघा. नंबर तपासायची सोयच नसेल तर त्या ग्रेडपायी जादा पैसे मोजू नका. सुट्टा राणीछाप रुपया असेल तर सराफाकडे वजन करा, साधारण ११.६६ ग्रॅम भरतो, झिजलेला थोडा कमी. रिझर्व्ह बँकेच्या नावानं कुणी कमिशन मागितलं तर देऊ नका. बँक असे व्यवहार करत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा.