मेणपतंग आणि सुटी चौकट

मधमाश्यांच्या वसाहती उद्ध्वस्त करणाऱ्या किडींपैकी मेणपतंगाची नोंद फार जुनी आहे. दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगासारख्या एका कीटकाची पिलावळ पोळ्यात वाढते, असे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवले होते. तरीही लागण वेळीच ओळखणे पुढील दोन हजार वर्षे दुरापास्तच राहिले. कारण टोपलीत, मडक्यात किंवा पोकळ ओंडक्यात पाळलेल्या माश्यांची पोळी छताला आणि भिंतींना चिकटलेली असत व ती कापल्याशिवाय आत डोकावता येत नसे.

या किडीची खरी नासधूस आतच चालते. मेणपतंगाची अळी निव्वळ मेणावर नीट पोसली जात नाही. तिला जुन्या, काळवंडलेल्या पोळ्यातील परागकण आणि पिल्लांनी मागे टाकलेल्या काती व कोशांचे अवशेष लागतात. म्हणून ती पिल्लांच्या घरांमधून रेशमी अस्तराचे बोगदे काढत जाते, त्या रेषेतील घरांची झाकणे उघडी पडून कोशांची पांढरी डोकी दिसू लागतात, आणि पूर्ण वाढ झालेली अळी लाकडात होडीच्या आकाराची खाच कोरून तीत आपला कोश विणते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘पतंगरोधक’ म्हणून अनेक पेट्या विकल्या गेल्या, परंतु माशीला ये-जा करण्यास पुरणाऱ्या दारातून पतंगही शिरू शकत असल्याने त्या दाव्यांना फारसा अर्थ नव्हता. लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये फिलाडेल्फिया येथे, सुमारे ३/८ इंचाची मोकळी जागा माश्या पोळ्याने भरत नाहीत की राळेने चिकटवत नाहीत, या निरीक्षणावर सुट्या चौकटीची पेटी आखली. त्यामुळे प्रत्येक पोळे उचलून दोन्ही बाजूंनी तपासणे शक्य झाले. वसाहत सशक्त असणे हाच पतंगावरचा खरा उपाय होय, हे त्यांनी १८५३ च्या आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडले, आणि त्यांच्या पेटीइतकेच हे प्रतिपादनही मोलाचे आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी फादर न्यूटन यांनी दक्षिण भारतात सातेरी माशीच्या लहान आकाराला साजेशी पेटी प्रचारात आणली. महाबळेश्वरच्या डोंगराळ भागातील मधपाळांना परिचित असलेली ही माशी फटी बुजवण्यासाठी राळ वापरत नाही, शिवाय जुनी पोळी कुरतडून त्यांचा चुरा तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, पाडते, आणि त्याच चुऱ्यात अळ्यांची पहिली पिढी वाढते. लागण वाढली की सातेरी पेटी सोडून निघून जाते. त्यामुळे तळपाट वरचेवर खरवडणे, पावसाळ्यातील फुलोऱ्याच्या टंचाईत माश्यांनी न झाकलेली पोळी काढून घेणे आणि दार अरुंद करणे ही कामे येथे औषधापेक्षा महत्त्वाची ठरली. काढलेल्या पोळ्यांना गंधकाची धुरी देतात. तिने अळ्या मरतात, अंडी मात्र तगतात, म्हणून ती अंडी फुटल्यावर पुन्हा द्यावी लागते.