कायदा, गांव आणि लग्नाचें वय

कायदा कागदावर उतरला म्हणजे अर्धाच होतो. लोकांस तो ठाऊक झाला म्हणजे पुरा होतो. १८९१ सालीं संमतिवय १२ वर्षें ठरलें. पुण्या-मुंबईंत त्यावरून रण माजलें. परंतु कन्हानकांठच्या मौद्यासारख्या गांवीं त्या वादाचा प्रतिध्वनि तरी कितपत पोंचला असेल?

१९२८ सालीं सरकारनें नेमलेल्या संमतिवय समितीनें या प्रश्नाचा शोध घेतला. तिचे अध्यक्ष अमरावतीचे विधिज्ञ सर मोरोपंत जोशी होते. खेड्यांतील बहुसंख्य लोकांस कायद्याची वार्ताच नाहीं, असें समितीस आढळलें. म्हणून लग्नाचेंच वय ठरवावें व विवाहांची नोंद ठेवावी, असा अभिप्राय तिनें दिला.

१९२९ सालीं हरबिलास सारडा यांचा कायदा संमत झाला: मुलीस १४ वर्षें, मुलास १८. अंमल १ एप्रिल १९३० पासून व्हावयाचा होता. मधल्या सहा महिन्यांत मात्र विपरीत घडलें. निर्बंधाची कुणकुण लागतांच पुष्कळ आईबापांनीं अगदीं लहान मुलींचींहि लग्नें उरकून टाकलीं. १५ वर्षांखालील विवाहित मुली १९२१ च्या शिरगणतींत सुमारें ८५ लाख होत्या. १९३१ सालीं त्या १ कोटि २२ लाखांवर गेल्या. कायद्याची जाणीव झाली, ती तो चुकविण्यापुरती! शिवाय फिर्याद खासगी माणसानें करावयाची व १०० रुपयांपर्यंतचा मुचलका लिहून द्यावयाचा. शेजाऱ्याशीं असें वैर कोण पत्करणार?

पुढें मुलीचें वय १९४९ सालीं १५ झालें. १९७८ सालीं तें १८ व मुलाचें २१ झालें. २००६ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रांत खेड्यांतील प्रतिबंधाचें काम ग्रामसेवकाकडे आलें.

याचा संततीवर परिणाम काय झाला? महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें सरासरी अपत्यें १९९२-९३ च्या पाहणींत २.९ होतीं, २०१९-२१ च्या पाहणींत तीं १.७ वर आलीं. तरीहि त्याच दुसऱ्या पाहणींत २० ते २४ वयाच्या शेंकडा २२ स्त्रियांचीं लग्नें १८ वर्षांपूर्वींच झालेलीं आढळलीं. म्हणजे अपत्यसंख्या घटली ती केवळ लग्न लांबल्यामुळें नव्हे. लौकर लग्न, लौकर दोन अपत्यें आणि मग स्त्रीची शस्त्रक्रिया, ही वाट अनेक घरांनीं धरली.

म्हणून अपत्यें मोजून कायद्याचें यश मोजूं नये. लग्न लांबलें तर पहिलें बाळंतपण परिपक्व देहास येतें आणि मुलीची शाळा अर्ध्यावर सुटत नाहीं. कायद्याचें खरें माप तेंच होय. आणि तें प्रत्येक गांवास आपल्या शाळेच्या पटावरच वाचतां येतें.